चोरून आणता येत नाही असे औषध

आजारी मुलासाठी गुन्हा करणारा बाप हा प्रस्थापितांच्या कथेचा, आणि कथेपेक्षाही सिनेमाचा, फार आवडता माणूस आहे. तो कष्टाळू असतो, सज्जन असतो, कुणाचे देणे बुडवीत नाही. एके दिवशी त्याचे मूल कोसळते. डॉक्टर एक आकडा सांगतो. बाप घरातले विकतो, ओळखीच्यांचे उंबरे झिजवतो, आणि सगळीकडून हात हलवीत परत आल्यावर पिस्तूल तरी उचलतो किंवा कुलूप तरी फोडतो. प्रेक्षक रडतो. शेवटी मूल वाचते आणि बापाला सगळे क्षमा करतात. या बापाविषयी मला काही प्रश्न विचारावयाचे आहेत. ते त्या बापाला नाहीत. मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाला नीती शिकविण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. माझे प्रश्न त्याची गोष्ट रचणाऱ्यांना आहेत.

या गोष्टीचा सर्वांना माहीत असलेला अलीकडचा नमुना म्हणजे २००२ सालचा अमेरिकन चित्रपट 'जॉन क्यू'. दिग्दर्शक निक कॅसावेट्स, आणि बापाच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. जॉन हा शिकागोतला कारखाना कामगार. बेसबॉल खेळताना त्याचा मुलगा कोसळतो. हृदय बदलावे लागणार असते. कारखान्यात जॉनचे तास कमी केलेले असतात आणि त्याबरोबर त्याचा विमाही खालच्या दर्जाचा झालेला असतो. खर्च अडीच लाख डॉलर. मुलाचे नाव यादीत घालावयाचे तर आधी पंचाहत्तर हजार भरा, असे रुग्णालय सांगते. पैसे जमत नाहीत. तेव्हा जॉन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील माणसांना ओलीस धरतो. पुढे कळते की त्याचे पिस्तूल रिकामेच होते. एकच गोळी त्याने जवळ ठेवली होती, ती स्वतःसाठी, आपले हृदय मुलाला मिळावे म्हणून. बाहेर जमलेला जमाव त्याचा जयजयकार करतो. ऐन वेळी अपघातात गेलेल्या एका बाईचे हृदय मिळते. मुलगा वाचतो. न्यायालय जॉनला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त करते आणि ओलीस धरल्याबद्दल दोषी ठरविते.

हा चित्रपट पाहताना मी रडलो. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण रडू ओसरल्यावर मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो मला बरेच दिवस छळत राहिला. या परक्या बापासाठी मी रडलो. माझ्या बासाठी मी कधी का रडलो नाही?

१९७२ च्या दुष्काळात आम्ही मराठवाड्यातल्या एका गावच्या महारवाड्यात राहत होतो. बा आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडीत. धाकट्या बहिणीला गोवर आला, अंगातच जिरला आणि तिची छाती भरली. तालुक्याच्या गावी न्यावयाचे तर गाडीचे आणि सुयांचे पैसे हवे होते. त्या रात्री बाने मालकाच्या पेवातून दोन पायल्या ज्वारी काढली. सकाळी ती दुसऱ्या गावी विकली आणि पोरीला खांद्यावर टाकून तालुका गाठला. पोर वाचली. चार दिवसांनी बाला चावडीवर नेले आणि खांबाला बांधून मारले.

गोष्ट एवढीच. हिच्यात जमाव नाही, जयजयकार नाही. पण मला आज जे सांगावयाचे आहे ते निराळेच आहे. त्याआधीही दोन वेळा बाला त्याच चावडीवर मारले होते. एकदा पाटलाच्या वाड्यातली समई गेली म्हणून, एकदा कुणाची शेळी हरवली म्हणून. दोन्ही वेळा बाने काही घेतले नव्हते. म्हणून तिसऱ्या वेळी, त्याने खरोखरच घेतले तेव्हा, गावाला काही विशेष घडले असे वाटलेच नाही. कुणी विचारले नाही की हा माणूस एवढ्या टोकाला का गेला. गावाच्या लेखी तो आधीपासून तिथेच होता. आणि मी, त्याचा शाळेत जाणारा मुलगा, मान खाली घालून वर्गात बसलो. बापाची लाज वाटावयास मला कुणी वेगळे शिकवावे लागले नाही.

इथेच या लोकप्रिय गोष्टीची पहिली अट उघडी पडते. तिला आधी निष्कलंक बाप लागतो. शेजारीपाजारी, मित्र, चर्चमधली माणसे यांनी जॉनविषयी बरे बोलावे लागते, तेव्हा त्याचा गुन्हा 'अपवाद' ठरतो आणि अपवादाला क्षमा मिळते. पण ज्याच्या जातीलाच गुन्हा चिकटविला आहे, त्याने हे आधीचे निष्कलंकपण आणावयाचे कुठून? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला त्याच्या कृत्यावरून गुन्हेगार ठरविले नाही, त्याच्या जन्मावरून ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, परंतु सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्यांतून त्याची नजर तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचताना याची ओळख पटते. तिथे पोलीस घरात शिरतात ते चोरी झाली म्हणूनच असे नाही. ते घर त्यांचे आहे म्हणून शिरतात. अशा घरातल्या बापाने आजारी पोरासाठी चोरी केली तर त्याची शोकांतिका कोण लिहिणार? पंचनाम्यात ती एक ओळ होऊन पडते. त्या ओळीत पोराचा ताप येत नाही.

पाश्चात्य साहित्यात हे कुणाला कळलेच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) मधला जाँ व्हालजाँ बहिणीच्या सात भुकेल्या मुलांसाठी पाव चोरतो. पाच वर्षांची शिक्षा, आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी एकूण एकोणीस वर्षे. पण ह्यूगो चोरीपाशी थांबत नाही. सुटून आलेल्या व्हालजाँच्या हातात पिवळा परवाना असतो आणि तो पाहताच दारे बंद होतात. चोरीपेक्षा चोरीनंतरचे माणसाचे जगणे त्याला महत्त्वाचे वाटले. आमच्या वाचकाला तो पिवळा कागद परका वाटणार नाही. फरक एवढाच की व्हालजाँला तो सुटल्यावर मिळाला आणि आमच्या माणसाला पाळण्यातच.

आता या गोष्टीची दुसरी अट पाहू. मूल आणि औषध यांच्यामध्ये फक्त पैसा उभा आहे, असे ती धरून चालते. पैसा मिळाला की अंतर संपले. म्हणूनच चोरी किंवा पिस्तूल हा तिच्यात उपाय ठरू शकतो. 'जॉन क्यू' मधला बाप काळा आहे, पण त्याच्या काळेपणाचा प्रश्न चित्रपट जवळजवळ बाजूलाच ठेवतो. भांडण विम्याचे राहते. २००६ मध्ये हेच कथानक 'तथास्तु' या नावाने हिंदीत आले. दिग्दर्शक अनुभव सिन्हा, बापाच्या भूमिकेत संजय दत्त. अमेरिकेतल्या काळ्या कामगाराच्या जागी इथे दलित कामगार यावा, असे कुणाला सुचले नाही. सुचले असते तर कथानकच हलले असते, कारण मग रुग्णालयाच्या खिडकीवर पैशाखेरीज आणखीही काही मागितले गेले असते.

काय मागितले गेले असते, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रकाशित झालेल्या त्यांच्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत आहे. ते पत्र १९२९ च्या डिसेंबरात गांधींच्या 'यंग इंडिया' मध्ये आले होते. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकावयास तयार नव्हता. गावच्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली, दोन रुपये फीची हमी घेतली. तेव्हा रोग्याला वस्तीबाहेर आणावे, या अटीवर तो आला. दोन दिवसांच्या बाळासह ती बाई बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. नंतर तो पुन्हा आला नाही. बाई गेली.

या हकीगतीपुढे आपला लोकप्रिय बाप आणून उभा करा. त्याने इथे काय चोरावे? फी होती. डॉक्टर होता. थर्मामीटर होता. नव्हता तो फक्त रोग्याच्या अंगाला लागणारा डॉक्टरचा हात. तो हात कुणाच्या पेवात, कुणाच्या तिजोरीत ठेवलेला नव्हता. पिस्तूल रोखून कदाचित तो हात पुढे ओढता आला असता, पण पिस्तुलाच्या भीतीने केलेल्या तपासणीला औषधोपचार म्हणावयाचे काय? पैशाच्या अंतरावर उभारलेली करुण कथा या ठिकाणी मुकी होते. आमच्या साहित्याला जो प्रश्न लिहावा लागला तो इथून सुरू होतो.

तो प्रश्न अण्णाभाऊंनी लिहिला. 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला येतो आणि खाणीत राबतो. खाण बंद पडते. बायको आणि लाडकी लेक घरी आहेत. एक दिवस त्याला स्मशानातल्या राखेत सोने सापडते, आणि हा धिप्पाड माणूस राख चाळू लागतो. मग प्रेते उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत तो एका सावकाराच्या प्रेतापर्यंत पोचतो. तोंडातले सोने काढताना त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती बोटे जातात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. ज्या हातांनी पहाड फोडावयाचा ते हात निकामी झालेले. भीमा लहान मुलासारखा रडतो.

इथे मूल आजारी नाही, भुकेले राहण्याच्या भयात आहे. पण गोष्ट त्याच कुळातली आहे, म्हणून तुलना केली पाहिजे. अण्णाभाऊंनी भीमाला क्षमा केली नाही आणि शिक्षाही दिली नाही. कथेत न्यायाधीश नाही, टाळ्या वाजविणारा जमाव नाही. आहे ती बंद पडलेली खाण. ती बंद पडली तेव्हा भीमाला कुणी विचारले नाही. ती उघडली तेव्हाही विचारले नाही. जॉनला शेवटी मुलगा मिळतो. भीमाला शेवटी काम मिळते, पण हात उरत नाहीत. मला ही कथा अधिक खरी वाटते. तिच्यात दुःख जास्त आहे म्हणून नव्हे. गुन्ह्याची किंमत गुन्हा करणाऱ्याच्या शरीरातून वसूल होते आणि ज्याने खाण बंद केली तो कथेत दिसतही नाही, हे ती स्पष्टपणे दाखविते म्हणून.

'फकिरा' (१९५९) मध्ये अण्णाभाऊ आणखी पुढे जातात. फकिरा भुकेने मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटतो. आपले-परके मूल असा भेद त्या लुटीत नाही. आणि ओलीस कोण धरले जाते, तेही पाहा. 'जॉन क्यू' मध्ये बाप परक्यांना ओलीस धरतो. 'फकिरा' मध्ये सरकारच फकिराची माणसे डांबून ठेवते आणि त्यांना सोडविण्यासाठी तो स्वाधीन होतो. ओलीस धरण्याचे काम आधीपासून कोण करीत आले आहे, याचा एवढा साधा आणि एवढा रोखठोक उलगडा त्या गाजलेल्या चित्रपटाला करता आलेला नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कुणी म्हणेल, तुम्ही एका बापाच्या अश्रूंवर जातीचा हिशेब मांडता; दुःख हे शेवटी सर्वांचे सारखेच असते. दुःख सारखे असते, हे मी मान्य करतो. राजरत्न १९२६ मध्ये गेला तेव्हा बाबासाहेब आणि रमाईंना जे झाले ते कोणत्याही आईबापांना होईल तेच होते. त्याआधीही त्यांनी तीन मुले गमावली होती. पण दुःख सारखे असले तरी त्याला मिळणारी वाट सारखी नसते. पुढच्याच वर्षी, १९२७ च्या मार्चमध्ये, हा पोळलेला बाप महाडच्या चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळभर पाणी प्याला. समाजाच्या नजरेत तो गुन्हाच होता, म्हणून तर सत्याग्रहींची डोकी फुटली. एका घरातले मरण आणि महाड यांच्यात सरळ कार्यकारण जोडण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की 'हतबल बाप' हा या कथानकाचा एकमेव शेवट नाही. आणि तळ्यावरचा तो 'गुन्हा' कुणा एका मुलासाठी केलेला नव्हता.

आता तिसरी अट. मूल एकदाच आजारी पडते, एक शस्त्रक्रिया होते आणि सारे सुरळीत होते, असे ही गोष्ट मानते. माझ्या परिचयातल्या विदर्भातल्या घरांत मी सिकलसेलची मुले पाहिली आहेत. तिथल्या आदिवासी जमातींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. मग हाडे पिळवटणारी कळ, वारंवार येणारा ताप, कधी रक्त चढविणे आणि रोजच्या गोळ्या. असा बाप एक रात्र पेव फोडून काय करील? चोरी एकदा करता येते, औषध जन्मभर लागते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती २०२३ मध्ये. भारतात हा आजार ओळखला गेला १९५२ मध्ये. मधल्या एकाहत्तर वर्षांतल्या बापांवर कुणी चित्रपट काढला नाही. त्यांच्या हातात पिस्तूल नव्हते, सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता.

आणि इथे मला पुन्हा शिकागो आठवते. जॉनची गोष्ट ज्या शहरात घडते त्याच शहरात १९७० च्या सुमारास ब्लॅक पँथरांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला होता. १९७१ पासून त्यांनी ठिकठिकाणी सिकलसेलची तपासणी घराघरापर्यंत नेली, आणि या आजाराकडे दुर्लक्ष का झाले, असा जाब सरकारला विचारला. १९७२ मध्ये अमेरिकेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्यांच्या नावावरून त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या माणसांनी बंदुका धरल्या एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्यांनी मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासला, हे फारसे कुणी सांगितले नाही. मला तर वाटते, 'जॉन क्यू' मधून जे गाळले गेले ते हेच. तीस वर्षांपूर्वी त्याच शहरातल्या काळ्या माणसांनी मिळून जे मागितले होते, ते चित्रपटाने एकट्या बापाच्या हातात रिकामे पिस्तूल म्हणून दिले.

आपल्याकडेही एक निकाल आहे, ज्याची आठवण अशा कथांच्या प्रेक्षकाला करून द्यावयास हवी. १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडून जखमी झाला. जागा नाही, सोय नाही, असे सांगून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. तो आणि त्याची शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे. या गोष्टीत कुणी कुणाला ओलीस धरले नाही. म्हणून ती पडद्यावर येत नाही. पण कोणत्याही रुग्णालयाच्या दारात बाप रडत असेल तर त्याच्या हातात द्यावयाची वस्तू ती आहे.

मला प्रस्थापितांच्या या कथेवर बंदी घालावयाची नाही. तिच्यावर रडणाऱ्यांना हिणवावयाचे नाही, कारण त्यांत मीही आहे. पण आमच्या नव्या लेखकांनी ही गोष्ट लिहावयास घेतली तर तीन गोष्टी तपासाव्यात. बापाचे निष्कलंकपण क्षमेची किंमत म्हणून वापरले जात आहे काय? मूल आणि औषध यांच्यामध्ये पैशाखेरीज जे उभे आहे ते कथेत येते काय? आणि शेवटी एक मूल वाचले म्हणून वाचकाला घरी पाठविले जात आहे काय?

बा गेला त्याला बरीच वर्षे झाली. दोन पायल्या ज्वारीविषयी तो कधी बोलला नाही. बहिणीला ही गोष्ट मी गेल्या वर्षी सांगितली. ती आता आजी झाली आहे. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एकच विचारले, "त्या साली वाड्यातली आणखी किती पोरं गेली रे?"

मी मोजली नव्हती. मालकाच्या पेवात ज्वारी तेव्हाही शिल्लक होती.